नववा खंड

आमच्या कामात एक नियम आहे. वाचणाऱ्याला पुढचं सांगायचं नाही. माझी नणंद चिंगी ब्रेलच्या पानावर बोटं फिरवत मोठ्याने वाचते, मी समोर छापील प्रत धरून बसते, आणि दोन्ही जुळलं नाही की टेबलावर टिचकी मारते. बस, एवढंच. पुढचा शब्द माझ्या तोंडून निसटला, तर तिचं बोट ठिपक्यांऐवजी माझा शब्दच वाचतं आणि चूक तशीच छापून जाते. एरवी माझ्या तोंडाला कुलूप घालणं आजवर कुणाला जमलेलं नाही, नवऱ्याने तर नादच सोडला आहे. पण त्या खोलीत मी मुकी असते.

चिंगी या नावावर जाऊ नका. तिशी उलटली, अंगाने माझ्या दीडपट आहे, नवरा मालाच्या ट्रकवर दूरदूर हिंडतो, पण घरात ती चिंगीच. जन्मापासून तिला दिसत नाही. आई पोटुशी असताना तिला ताप आला होता, अंगावर पुरळ उठलं होतं, त्याने झालं असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. नवरा बाहेरगावी गेला की ती आमच्याकडे राहायला येते आणि सकाळी आम्ही दोघी मिळून छापखान्यात जातो.

अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ब्रेलमध्ये काढायचं काम छापखान्याने घेतलं, तेव्हा ते किती वाढेल याचा कुणाला अंदाज नव्हता. ब्रेलची पानं जाड, आणि खंड जाडजूड केला तर खालच्या पानांवरचे ठिपके चेपतात. म्हणून पातळ खंड काढायचं ठरलं. शंभराच्या वर होणार आहेत. एक छापून झाला की वर्गणीदारांना पाठवायचा, मग पुढचा. पहिला खंड नेमका जलप्रलयात संपला. पाणी डोंगरांच्याही वर, आणि त्यानंतर कोरा पुठ्ठा. एका आजोबांनी फोन करून विचारलं, "बाई, पाणी उतरतं ना हो पुढे?" मी म्हटलं, उतरतं, पण दम धरा. त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

नवव्या खंडात दहा आज्ञा आल्या. चिंगीला त्या तोंडपाठ होत्या, पण लहान मुलांना शिकवतात तशा, कडू भाग गाळून. शास्त्र तिने आयुष्यभर रविवारी चर्चमध्ये कानाने ऐकलेलं, तेही दुसऱ्यांनी निवडलेले तुकडे. ओळीमागून ओळ स्वतःच्या बोटाने ती पहिल्यांदाच वाचत होती. मूर्ती करू नका, तिच्या पाया पडू नका, इथपर्यंत आवाज नेहमीसारखा सरळ चालला होता. मग बापाच्या अपराधाचा जाब देव मुलांना विचारतो, नातवंडांना विचारतो, पतवंडांना विचारतो, ते आलं. ती थांबली. बोट मागे नेलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

मी टिचकी मारली.

"चूक नाहीये," ती म्हणाली. "तुझ्या प्रतीतही असंच आहे ना, वहिनी?"

"असंच आहे."

लगेच पुढच्या ओळीत दया आहे, हजारो पिढ्यांना पुरेल एवढी. तीही तिने वाचली, पण भाजीवाल्याने सुटे परत द्यावेत तशी, लक्ष न देता. उरलेला दिवस ती एक शब्दही फालतू बोलली नाही. मी आपली मनात म्हणत होते, उन्हाने डोकं दुखत असेल.

घरी आल्यावर ती चप्पलही न काढता सरळ बाबांच्या खुर्चीपाशी गेली. बाबा म्हणजे माझे सासरे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते खिडकीपाशी बसून असतात, बाहेर जायचं नावच काढत नाहीत. बाजाराकडे तर त्यांनी धडधाकट होते तेव्हाही कधी पाऊल टाकलं नाही. त्यांना गर्दी आवडत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

"बाबा, मी व्हायच्या आधी तुम्ही काय केलं होतं?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हा काय प्रश्न झाला? बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"विचारशील कधीतरी, असं वाटायचं मला," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. अगदी सरळ, घोट घोट चहा पीत सांगावं तसं. ते बाइंडिंग खात्यात सुपरवायझर होते. कागद कापायच्या मशीनला पुढे जाळी असते, हात पात्याखाली जाऊ नये म्हणून. ती काढली की काम भराभर होतं. ऑर्डर मोठी होती, बाबांनी जाळी काढायला लावली. मशीनवरच्या माणसाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. चौकशी झाली तेव्हा बाबांनी सांगितलं, जाळी होती, यानेच काढली, आणि हा पिऊन आला होता.

"तो पीत नव्हता," बाबा म्हणाले. "वासानेसुद्धा त्याला मळमळायचं. त्याला काढून टाकलं, एक पैसा मिळाला नाही. तुझी आई तेव्हा दिवसांत होती. पुढच्याच आठवड्यात तिला ताप भरला. तू झालीस आणि मी ओळखलं, हे माझंच आहे."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

चिंगीने मान हलवली, दुकानदाराने भाव सांगावा आणि गिऱ्हाइकाला तो पटावा तशी. "त्याची बोटं, माझे डोळे," ती म्हणाली आणि आत गेली.

मला इतका संताप आला की बाबांच्या पुढचा कप मी उचलून मोरीत आपटला. फुटला नाही, स्टीलचा होता. ज्या पोरीला कडेवर घेऊन फिरवली, शाळेत सोडली, आणली, तिच्याकडे हा माणूस तीस वर्षं आपली शिक्षा म्हणून बघत होता! आणि ते सांगताना डोळ्यांत टिपूससुद्धा नाही.

मी आत गेले तर ती पलंगावर बसून पिशवी आवरत होती.

"वहिनी, गुरुवारी माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे येशील? मला दिवस गेलेत. मी वेळ घेतली आहे. नाही ठेवायचं मला."

 लग्नाला सहा वर्षं होऊन हे पहिलंच, आणि त्या बिचाऱ्या ट्रकवाल्याला तर अजून सांगितलेलंही नव्हतं. मी म्हटलं, "अगं, तुला वेडबीड लागलंय का? ताप आला होता आईला. ताप! तुला आलाय का ताप?"

"आईला ताप कुणी पाठवला?"

"कुणी नाही पाठवला. ताप येतो!"

"बाबा पहिली पिढी, मी दुसरी. पोटातलं तिसरी. तिथे लिहिलंय, वहिनी. मी माझ्या बोटांनी वाचलंय. मी जगले ते जगले, पण माहीत असून मी त्याला जन्माला घालू?"

"मग माझी लेक कोण आहे? तीही तिसरीच ना? तिला काय झालंय? चष्मासुद्धा नाही कार्टीला!"

चिंगीने पिशवीचा बंद ओढला. मग हळूच म्हणाली, "तिचं वय अजून लहान आहे."

मी तिच्या एक ठेवूनच दिली असती. हात उचललाही होता. पण खरी गोष्ट सांगते, त्या संध्याकाळी लेक अभ्यासाला बसली तेव्हा मी तिची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली आणि दोन्ही डोळ्यांत नीट पाहिलं. "आई, काय शोधतेस?" तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, कचरा गेल्यासारखा वाटला. मला स्वतःची लाज वाटली आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा पाहिलं. एक ओळ घरात शिरली होती आणि एकेकाला धरत चालली होती.

मग मी पाळकसाहेबांना बोलावून आणलं. माणूस भला आहे, पण बोलायला लागला की घड्याळाकडे बघत नाही, म्हणून मी एरवी त्यांच्यापासून चार हात लांब असते. ते चिंगीसमोर बसले आणि म्हणाले, देवाने सगळं एकदम सांगितलं नाही. लोकांना पेलेल तेवढं, आधी थोडं, मग आणखी. शास्त्र म्हणजे काही एका दिवसात उघडलेलं दार नाही. शेकडो वर्षं ते उघडतंय.

"मग ज्यांना पहिलं तेवढंच मिळालं आणि जे तेवढ्यावरच मेले, त्यांचं काय?" चिंगीने विचारलं. "ते खोट्यावर जगले?"

"खोट्यावर नाही. अर्ध्यावर."

"अर्ध्यावर जगलेला माणूस बघायचाय? बाहेर खिडकीपाशी बसलाय."

पाळकसाहेबांनी दारातून बाबांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मुली, तिथे मीही अडतो. पुढचं वाचतो म्हणून तग धरतो, पण मागच्यांचं काय, हे मला सांगता येत नाही." मला आधी रागच आला. अहो, एवढं शिकून हेच सांगायला आलात? नंतर वाटलं, त्या दिवशी तेवढंच एक वाक्य तिने मन लावून ऐकलं. पुढे त्यांनी येशूने बऱ्या केलेल्या जन्मांधाची गोष्ट काढली, पण चिंगीने हातच वर केला.

"ती नको. थुंकी, चिखल, आणि आले डोळे. लहानपणापासून जो तो मला तीच सांगतो आणि सांगून झालं की माझ्या तोंडाकडे बघत बसतो. दिसत नसलं तरी कळतं मला."

जिन्यात पाळकसाहेबांनी मला विचारलं, "संदेष्ट्यांचे खंड तुमच्याकडे तयार झालेत का?" त्यांचं आणि येशूच्या शुभवर्तमानांचं ब्रेल दुसऱ्या एका बाईंनी आधीच करून ठेवलं होतं. कच्ची पानं मागच्या खोलीत पडून होती, त्यांची पाळी यायला अजून वर्ष तरी लागणार होतं. त्यांनी मला एक अध्याय सांगितला, आणि शुभवर्तमानातला दुसरा एक.

"मग तुम्हीच का नाही सांगितलं तिला?" मी जरा जोरातच विचारलं.

"मी सांगितलं असतं तर ते माझं म्हणणं झालं असतं. नवव्या खंडातलं तिने कुणाकडून ऐकलं होतं का?"

छापखान्यात क्रम मोडणं म्हणजे महापाप. मुद्रणप्रमुखांना कळलं असतं तर त्यांनी मला उभी सोलली असती. मंगळवारी मी मागच्या खोलीतून ती पानं काढली, झटकली आणि चिंगीपुढे नेहमीच्या पानांच्या जागी ठेवली. काय आहे, कुठलं आहे, काही बोलले नाही. नियम मी तेवढा पाळला.

दुसऱ्याच ओळीला तिने ओळखलं. "हे पुढचं आहे. खूप पुढचं."

मी टिचकीसुद्धा मारली नाही.

ती वाचू लागली. लोक कुरकुर करताहेत की आमच्या वाडवडिलांनी केलं आणि आम्ही भोगतोय. आणि देव रागावून म्हणतोय, हे बोलणं आता बंद करा. बापाचा दोष मुलगा वाहणार नाही, मुलाचा बाप वाहणार नाही. जो करील, त्याचं त्याच्यापाशी. चिंगीचं बोट एकेका ठिपक्यावर असं चाललं होतं, जणू ती अंधाऱ्या जिन्यात दुसऱ्या कुणाला हात धरून उतरवतेय. तिच्या कपाळावर घाम आला.

"हा तोच देव आहे?" तिने विचारलं.

"तोच."

"मग आधी तसं का म्हणाला?"

"मला विचारू नकोस, चिंगे. मी फक्त प्रत धरून बसते."

मी दुसरं पान पुढे सरकवलं. शिष्य रस्त्याने जाताना जन्मांध माणूस बघतात आणि प्रभूला विचारतात, कुणाचं पाप, याचं की याच्या आईबापाचं? उत्तर येतं, याचंही नाही, आईबापाचंही नाही. चिंगीने हात पानावरून उचललाच. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं.

"इतकी वर्षं! वहिनी, हे अगदी सुरुवातीला आहे गं. आणि सगळे मेले धावत चिखलापाशी!"

मी पदराने तिचं तोंड पुसलं. तिने पुढचं वाक्य वाचलं, त्याच्या ठायी देवाचं काम दिसावं म्हणून हे झालं, आणि ती पुन्हा कुरकुरली, "म्हणजे मी काय दुकानाची काच आहे? यावर मी त्याच्याशी भांडणार आहे." पण पानं तिने घडी न करता, ठिपके सांभाळून पिशवीत घातली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

गुरुवारचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही, जीभ चावून बसले.

घरी तिने बाबांच्या समोर स्टूल ओढलं आणि दोन्ही पानं वाचून दाखवली. मला वाटलं, बाबा आता मोकळे होतील. म्हाताऱ्याच्या उरावरचा धोंडा उतरेल, पोरीला जवळ घेतील, मी दाराआडून बघेन आणि रडेन. तसलं काही झालं नाही. बाबांचा चेहरा वाचन पुढे सरकेल तसा पांढरा पडत गेला.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "जो करील त्याचं, ते."

तिने पुन्हा वाचलं.

"म्हणजे तुझे डोळे माझ्यामुळे गेले नाहीत."

"नाही, बाबा."

"मग ते फिटलेलं नाही." त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "मी समजत होतो फिटलं. तुझ्याकडे बघायचो आणि म्हणायचो, घेतलं देवाने, वसूल केलं. म्हणून तर मी त्या माणसाकडे कधी गेलो नाही. कशाला जायचं? भरलंय ना आपण." त्यांचा आवाज चिरकला. "मी काहीच भरलेलं नाही. ते सगळं अजून माझ्यापाशीच आहे."

 मला वाटलं, आता तरी बोल काहीतरी, बापाला धीर दे. तिने धीर दिला नाही. तिने विचारलं, "तो माणूस जिवंत आहे?"

"बाजारामागे राहतो. कुलपांच्या दुकानाच्या वर."

म्हणजे त्यांना घरसुद्धा ठाऊक होतं. गर्दी आवडत नाही म्हणे!

बुधवारी सकाळी बाबा दाढी करून, शर्ट चढवून तयार बसले होते. चिंगीचा एक हात त्यांच्या दंडाला, मी दुसऱ्या बाजूने. त्या अरुंद जिन्यात आम्ही तिघं कसे चढलो ते आमचं आम्हाला माहीत. बाबा प्रत्येक पायरीवर धापा टाकत होते आणि चिंगी म्हणत होती, "अजून एक, बाबा."

दार त्याच माणसाने उघडलं. बाबांच्याच वयाचा, बनियनवर. दाराची कडी त्याने डाव्या हाताने धरली होती. उजव्या हाताला फक्त अंगठा होता. त्याने बाबांना बघितल्याबरोबर ओळखलं, ते मला दिसलं.

"जाळी मी काढायला लावली होती," बाबा म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "तू प्यायलेला नव्हतास. मी खोटं बोललो."

त्या माणसाने कडी सोडली नाही. खालच्या दुकानात कुणीतरी कानस घासत होतं, तेवढा आवाज. मग त्याची नजर चिंगीवर गेली.

"ही कोण?"

"माझी मुलगी."

"दिसत नाही हिला?"

"जन्मापासून नाही."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "अरे देवा," तो पुटपुटला. "म्हणजे तुलाही देवाने..."

 बाबांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तो माणूस तिथल्या तिथे विरघळला असता, त्यांना आत घेतलं असतं, पाणी दिलं असतं. चिंगीने त्यांच्या दंडाला धरलेला हात घट्ट झाला.

"नाही," बाबा म्हणाले. "हिच्या आईला ताप आला होता, त्याने झालं. त्याचा तुझ्या हाताशी काही संबंध नाही. हिच्यावर काही नाही. तुझं मी केलं, मी एकट्याने. ते अजून तसंच आहे, म्हणून आलोय."

त्या माणसाचा चेहरा पुन्हा बंद झाला. तो दारातून बाजूला सरकला.

"आत ये," तो म्हणाला. "तू एकटा."

बाबांनी चिंगीचा हात आपल्या दंडावरून सोडवला आणि भिंतीला धरत आत गेले. दार लागलं. आम्ही दोघी जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकलो. 

"डॉक्टरीणबाईंना कळव, उद्या येत नाही म्हणून," चिंगी म्हणाली.

"कळवते."

"आणि पोटातल्यालाही दिसलं नाही तर? मला विचारेल तो, कुणामुळे म्हणून."

"विचारू दे. सांग, कुणामुळे नाही."

ती ते शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होती. तेवढ्यात आतून बाबांच्या रडण्याचा आवाज आला, हुंदके देऊन, लहान मुलासारखा. चिंगी उठायला लागली. मग तीच पुन्हा खाली बसली. आम्ही आत गेलो नाही.